वरचं वजन

अडतीवर बावीस वर्षं काटा धरला मी.
पोत्याला हात लावला की कळतं,
सोयाबीन ओलं आहे का, आत माती किती.
पण त्या दिवशी लातुरात ट्रॅव्हलर भरताना
गप्प बसलो.

सतरा सीटांची गाडी, आम्ही सव्वीस,
शिवाय मांडीवरची पोरं, ती कुणी मोजत नाही.
खंडू हमालाच्या धाकटीचं लग्न बीडला.
सगळ्यांच्या वर्गणीतून कपाट घेतलेलं,
निळं, आरशाचं.
ते कॅरियरवर आडवं निजवलं,
शेजारी कूलर, दोन गाद्या, भांड्यांची गोणी.
आरशाचं तोंड आभाळाकडं.

रज्जाकभाई म्हणाला, "मागचे दोघं-चौघं कमी करा."
मागचं कुणी कमी होत नसतं.
शेवटच्या बाकावर पाच जणी होत्या, त्या सहा झाल्या.
मी मागच्या टायरला चपलेनं ठोकलं.
आवाज भद्द, पिकल्या पपईसारखा.
पट्टे सीटच्या कव्हराखाली शिवून टाकलेले.
म्हटलं, जाऊ द्या,
बीड काय, तीन तासांचं.

रेणापूरपर्यंत गाडी शहाण्यासारखी चालली.
अंबाजोगाई सोडली, वेग वाढला,
आणि मला वरचं ऐकू यायला लागलं.
वळण संपायचं, रस्ता सरळ व्हायचा,
डोक्यावरचं कपाट मात्र
अजून वळतच असायचं.

ज्यानं पाठीवर क्विंटल घेतला नाही
त्याला हे सांगून कळायचं नाही.
पाय थांबतात. ओझं थांबत नाही.

गाडीतल्या हमालांना कळत होतं.
ओझं कमरेशी धरावं,
मानेवर चढलं की पाऊल फसतं,
हे बाराव्या वर्षी शिकलेली माणसं
एका हातानं खिडकीचा गज धरून
तुरीच्या भावावर बोलत होती.

केजच्या पुढं समोरून उसाचा ट्रॅक्टर,
मागं दोन ट्रॉल्या, दुसरी झुलणारी.
रज्जाकभाईनं बाजू दिली
आणि डावी चाकं डांबर सोडून खाली उतरली.
वीतभर. फक्त वीतभर.
मुरूम खडखडला.
सव्वीस जण एका अंगाला आले
एकाच पोत्यात ओतल्यासारखे.

"वर घे! वर घे गाडी!"

मी रज्जाकभाईचे हात बघत होतो.
ते काहीच करत नव्हते.
स्टेअरिंग सरळ, ब्रेकवर पाय नाही.
गाडी तशीच मुरमातून धावत राहिली,
साठ, चाळीस, वीस.
बाभळीची एक फांदी खिडकीतून आत येऊन
शेवंताबाईचा पदर घेऊन गेली.
मग बैल बांधावर चढवावा
तशी त्यानं ती हळूच डांबरावर घेतली.

पुढं पंक्चरच्या दुकानाशी थांबला.
"झटका दिला असता," एवढंच म्हणाला,
"तर आता छपरावर बसलो असतो आपण."
बिडीची तिसरी काडी पेटली.

कुणी कुणाला सांगितलं नाही.
दोघं वर चढले, चौघं खाली उभे राहिले,
दोर सुटले, कपाट उतरलं, कूलर उतरला.
दुकानदार म्हणाला, "राहू द्या इथंच,
उद्या छोटा हत्ती पाठवा."
त्यानं टायरात हवा भरली, मीटर बघून.
मागच्या बाकावरच्या सहा जणी पुढं सरकल्या,
आणि सात गडी एसटीसाठी खाली राहिले.
त्यांत मी. माझं वजन एक्क्याऐंशी.

ट्रॅव्हलर गेली. तिची चाल
मागून बघूनही हलकी वाटली.

आम्ही कपाटाच्या सावलीत बसलो.
आरशात अख्खा रस्ता दिसत होता,
उलटा, डावीकडचा उजवीकडं.
त्यात एक पांढरी गाडी आली,
दाराशी लोंबकळणारी दोन पोरं,
वर ताडपत्रीखाली काहीतरी उंच बांधलेलं,
वळणावर सबंध आरसाच कलल्यासारखा.

मी उठून दोन्ही हात वर केले.
ओरडलो, थांब म्हणून.

ड्रायव्हरनं वेग कमी केला,
खिडकीतून मान काढली, हसला.
"या की मामा," म्हणाला,
"एक बसंल."